पत्ता चुकलेला माल

जगात न्याय आहे आणि तो वजनकाट्यासारखा आहे. थोडा वेळ डुलेल, पण शेवटी खऱ्या वजनावरच येऊन थांबेल, असे सिद्रामप्पांनी लातूरच्या मार्केट यार्डात, स्वतःच्या सत्काराच्या भाषणात सांगितले. टाळ्या पडल्या. तो सोमवार होता. गुरुवारी त्यांच्या जिभेच्या तुकड्याचा रिपोर्ट आला.

सत्कार ‘निर्व्यसनी व्यापारी’ म्हणून होता. अप्पांचा तूरडाळीचा धंदा. आयुष्यात त्यांनी तंबाखू खाल्ली नाही, विडी ओढली नाही, सुपारीचे खांडदेखील तोंडात टाकले नाही. चहासुद्धा लग्नकार्यात, समोरच्याचे मन राखायला, अर्धा कप. सत्कारात शाल आणि नारळ दिल्यावर कोणीतरी सवयीने मसाला पान पुढे केले, तेही त्यांनी हात जोडून परत केले. तेव्हाही टाळ्या पडल्या. जिभेच्या कडेला फोड होता म्हणून भाषण जरा आखूड झाले, एवढेच. लोकांना ते आवडले.

रिपोर्ट कॅन्सरचा होता. लातूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की गाठ लहान आहे, वेळेवर सापडली आहे, तेवढा भाग काढला की माणूस बरा होण्याची आशा चांगली आहे; मात्र आता दिवस घालवायचे नाहीत. अप्पांनी सगळे ऐकून घेतले, जसे ते शेतकऱ्याचे ऐकून घेत, आणि मग हरकत घेतली.

पोत्यात खुपसून नमुना काढायच्या लोखंडी नळीला यार्डात परखी म्हणतात.

“डॉक्टरसाहेब, तुम्ही परखी एकाच जागी लावली.”

“म्हणजे?”

“वरून, मधून, खालून, अशी तीन जागी लावायची असती. एका जागचे दाणे बघून माल नापास करणाऱ्याला आम्ही यार्डात उभं करत न्हाई.”

“अप्पा, तीन जागी लावली तर जीभ उरायची नाही.”

“मग नापास तरी करू नका.”

डॉक्टर म्हणाले, खात्री करायची तर नांदेडला करा, तिथे डॉक्टर बुद्धप्रिया मॅडम आहेत, ऑपरेशनही त्याच करतील. पण लवकर.

घरी वेगळीच चौकशी सुरू झाली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी बिस्किटाचा पुडा ठेवी, मग चेहरा पाडी, मग हळूच विचारी, “काही खात होते का हो?” अप्पांच्या पत्नी कमलम्मा सांगत, “न्हाई.” पाहुणा मान डोलावी, पण ती मान ‘समजलं’ असे म्हणत नसे, ‘लपवा’ असे म्हणे. साडू रामलिंग तर सरळच बोलला. “माणूस बाहेरून दिसतो तसा आतून नसतो, अक्का. आमच्या शेजारचे गुरुजी बघा. मेल्यावर कळलं.”

“काय कळलं?”

“तेच तर कोणी सांगून न्हाई राहिलं.”

रामलिंग गेल्यावर कमलम्मांनी नवऱ्याच्या सगळ्या कोटांचे खिसे उलटे केले. खडीसाखर निघाली. अप्पा दारातून बघत होते.

“सापडलं का?”

“बटण तुटलंय, ते बघू लागलेय.”

“खिशाच्या आतलं?”

कमलम्मांनी कोट परत खुंटीला लावले. नवऱ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आता खिसेही तपासून झाले होते.

त्या दिवशी अप्पांनी इष्टलिंगाची पूजा केली, पण नेहमीची नाही. पाणी घातले, विभूती लावली, गळ्यात परत घातले. तोंडातून शब्द नाही.

“मंत्र म्हटले न्हाईत,” कमलम्मा म्हणाल्या.

“आमचं बोलणं बंद हाय.”

जेवताना अप्पांना सगळा उलगडा झाला. माल आहे. बिल्टी, म्हणजे मालासोबतची पावती, तीही बरोबर आहे. पण माल दुसऱ्याचा आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने पत्ता चुकवला की उदगीरची पोती लातूरला उतरतात, असे होते. त्यात रागवायचे नसते. खरा मालक शोधायचा, त्याचा माल त्याच्या दारात उतरवायचा आणि आपली बिल्टी कोरी करून घ्यायची.

आणि खरा मालक कोण, हे शोधायला त्यांना घास गिळण्याइतकाही वेळ लागला नाही. नांदेडचा अनंतराव.

अनंतराव त्यांचा शाळेतला बाकमित्र. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, नांदेडला स्थायिक. चाळीस वर्षे त्याच्या डाव्या गालात तंबाखूचा बार असे. झोपतानाच काय तो काढत असेल. त्याला दुसरी खोड पाय हलवायची. आठवीत तो असा पाय हलवी की बाकावरची शाई अप्पांच्या सदऱ्यावर सांडे आणि मार अप्पा खात. एकाने करायचे आणि दुसऱ्याने भोगायचे, ही पद्धत तेव्हापासूनची.

कमलम्मांना घेऊन अप्पा एस्टीने नांदेडला आले. अनंतराव ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. अप्पांनी पाणी प्यायच्या आधी सगळे सांगितले. अनंतरावांचा अंगठा तळहातावर थांबला.

“तर हे असं हाय,” अप्पा म्हणाले. “पत्ता चुकलाय. माल तुझा हाय.”

अनंतरावांनी तंबाखूवर मूठ मिटली. मग म्हणाले, “मग मी काय करू? सही करून उतरवून घेऊ का?”

“उद्या माझ्यासंगं चल. तू पण तोंड दाखव.”

“मला काय झालंय?”

“तेच बघायचंय.”

“वहिनी, हा काय बोलून राहिला?”

“परवापासून हेच चालू हाय, भावजी,” कमलम्मा म्हणाल्या. “कापून घ्या म्हटलं तर कापून घेत न्हाईत. तुमचं तोंड बघितल्याशिवाय ऑपरेशन करून घेणार न्हाई म्हणतात. डॉक्टर म्हणतात दिवस घालवू नका, आणि हे तुमचा पत्ता शोधून राहिले.”

अनंतरावांनी चाळीस वर्षांत डॉक्टरसमोर ‘आ’ केला नव्हता. दातदुखीलाही ते लवंगच लावत. भीती वाटते असे ते म्हणत नसत. म्हणत, “वेळ कुठाय.” आता निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली होती की तेही म्हणता येईना. त्यांनी हातातला मळलेला बार बघितला, अप्पांच्या सुजलेल्या जिभेकडे बघितले आणि तो तसाच अंगणात झटकून टाकला.

“चल,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तिघे बसले. अनंतरावांचा पाय सुरू झाला. बाक हलू लागला. टोकाला बसलेली एक म्हातारी उठून भिंतीला टेकली.

“सिद्राम, माझ्यात निघालं तर?”

“तर न्याय झाला.”

“आणि तुझं?”

“माझं परत जाईल.”

“असं असतं का?”

“बाजारात असतं.”

“आज अमावस्या हाय,” कमलम्मा मध्येच म्हणाल्या. “बाजार बंद असतो.”

डॉक्टर बुद्धप्रिया वयाने लहान होत्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी अप्पांना तपासले, तुकड्याच्या तपासणीच्या काचा आणि कागद पाहिले, मानेवर बोटे फिरवली. “रिपोर्ट बरोबर आहे. शुक्रवारी करू. बोलणं सुरुवातीला बोबडं होईल, मग शिकवू. तंबाखू होती का?”

“न्हाई.”

“सुपारी?”

“न्हाई.”

डॉक्टरांनी मान डोलावली. ही मान पाहुण्यांसारखी नव्हती. “काहींना काहीच कारण नसताना होतो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काही केलेलं नाही.”

कमलम्मांनी पदराने खुर्चीची कड पुसली. कड स्वच्छच होती.

“ते असू द्या,” अप्पा म्हणाले. “आता ह्याचं बघा. चाळीस वर्षं खातो.”

अनंतराव खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि तोंड उघडले. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड आत पाडला. त्यांनी एक गाल ओढून पाहिला, दुसरा पाहिला, जीभ वर करायला लावली, खाली करायला लावली. पुन्हा डाव्या गालात वाकून पाहू लागल्या. पंख्याचा आवाज येत होता. अप्पा उभे होते आणि त्यांचा हात सदऱ्याच्या आत, गळ्याशी गेला होता.

“दात काळे आहेत,” डॉक्टर शेवटी म्हणाल्या. “बाकी तोंड साफ आहे.”

अप्पा एक पाऊल पुढे आले.

“नीट बघा,” अप्पा म्हणाले. “डाव्या गालात ठेवतो तो.”

“डावाच पाहिला.”

“तीन जागी?”

“तीन जागी पाहिला, अप्पा. वरून, मधून, खालून.” मग त्या अनंतरावांकडे वळल्या. “आज साफ आहे म्हणून उद्या राहील असं नाही. आजपासून बंद. दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं.”

अनंतराव खुर्चीतून उतरले ते एखाद्याच्या घरातून वस्तू उचलून चालल्यासारखे. बाहेर येऊन ते बाकावर बसले आणि म्हणाले, “माफ कर रे.”

“कशाबद्दल?”

“काही निघालं न्हाई.”

अप्पांनी यावर विचार केला. “असू दे. तुझ्याकडून कधी काही वेळेवर निघालंय?”

कमलम्मा नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. “आत मुठीत काय धरलं होतं?”

“काय न्हाई.”

“लिंग धरलं होतं. मी बघितलं. काय मागत होता?”

अप्पांनी इकडेतिकडे पाहिले. भिंतीला टेकलेली म्हातारीही उत्तराची वाट बघत होती. “म्हटलं, ह्याचं काही निघू देऊ नको.”

“मग न्याय?”

“न्याय झाला असता तर दोन खाटा लागल्या असत्या,” अप्पा म्हणाले. “आणि डबा आणायला तू एकटी.”

“म्हणजे बोलणं चालू झालं म्हणायचं, महादेवाशी?”

“कामापुरतं.”

अनंतरावांनी खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. अप्पांनी त्यांचा हात धरला, पुडी घेतली, नाकाशी नेली आणि लगेच लांब केली.

“कसं लागतं रे हे?”

“कडू.”

“नुसतं कडू?”

“पहिल्यांदा जरा गरगरतं.”

“आणि मग?”

“मग काही न्हाई.”

“ह्याच्यासाठी चाळीस वर्षं?”

“हाव.”

अप्पांनी पुडी स्वतःच्या हाताने डब्यात टाकली. आपण इतकी वर्षे नेमके काय सोडले होते ते आज त्यांना कळले, आणि ते काही फार नव्हते. मग ते डॉक्टरांच्या दारातून आत डोकावले. “मॅडम, शुक्रवारचं नक्की करा.”

शुक्रवारी नर्स म्हणाली, अंगावरचे सगळे काढा. घड्याळ, अंगठी, गळ्यातले. अप्पांनी घड्याळ दिले, अंगठी दिली. गळ्यातले देईनात. नर्सने दोनदा सांगितले, कमलम्मांनी एकदा. शेवटी डॉक्टर बुद्धप्रिया बाहेर आल्या, काही न विचारता लिंग चांगले पुसून घेतले आणि पट्टीने त्यांच्या मनगटाशी गुंडाळून दिले. “इथे माझ्या कामाच्या आड येत नाही,” म्हणाल्या. अप्पा जाताजाता मनगटाकडे पाहून काहीतरी पुटपुटले. कामापुरतेच असावे, पण काम बरेच निघाले असावे, कारण स्ट्रेचर दाराआड जाईपर्यंत ओठ हलत होते.

ऑपरेशन नीट झाले. गाठ कडेसकट निघाली. बोलायला बंदी, नाकात नळी, उशाशी पाटी आणि खडू. रविवारी भेटीच्या वेळेला अख्खे लातूर आल्यासारखे वाटले. रामलिंगही आला, बिस्किटाचा पुडा घेऊन, जो पेशंटला खाता येणार नव्हता. अनंतराव, आठवडा तंबाखूवाचून काढल्यामुळे डोळे तारवटलेले, खाटेच्या पायथ्याशी बसले होते. उठायला तयार नव्हते.

“अप्पा,” रामलिंगने सगळ्यांच्या वतीने विचारले, “इतकं सोसलं तुम्ही. न केलेल्याचं भोगलं. आता काय वाटतं, जगात न्याय हाय का न्हाई?”

कमलम्मांनी पाटी पुढे धरली. अप्पांनी खडू घेतला, डोळे मिटले, मनाशी काही जुळवले आणि सावकाश लिहू लागले. खडू दोनदा थरथरला. माणसे वाकून बघू लागली. रामलिंगने फोन काढला, फोटो घेऊन सगळ्यांना पाठवावा म्हणून.

अप्पांनी पाटी उलटी करून पायथ्याकडे धरली. वळणदार अक्षरात लिहिले होते:

‘अनंता, पाय हलवू नको. खाट हलते.’