सात नंबरच्या खोलीतली कुंडी

यल्लाप्पानं कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून नाकाशी नेलं आणि मागं वळून गणपतरावांकडं बघितलं. गणपतरावांनी नजर चुकवून बायकोच्या अंगावरची चादर उगाचच सारखी केली.

दवाखान्यातल्या झाडांची देखभाल करायला यल्लाप्पा दर मंगळवारी येई. इथं प्रत्येक खोलीत खिडकीशी एक कुंडी ठेवलेली. हिरवं डोळ्यांपुढं असलं की आजारी माणसाच्या जिवाला उभारी येते, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोला, गणपतरावांच्या बायकोला, तानाबाईंना ती आलीही होती. महिन्यापूर्वी मलकापूरकडच्या गावातून त्यांना कोल्हापूरला आणलं, तेव्हा सिस्टरनं त्या उभ्या, लांबट पानांच्या झाडाचं इंग्रजी नाव सांगितलं. त्यावर तानाबाई म्हणाल्या होत्या, आपल्या बांधावरच्या घायपातीचं पोर दिसतंय की हे. इथं आल्यापासून त्या हसल्या त्या तेवढ्याच. मग दिवसभर पडल्या पडल्या झाडाकडं बघत राहायच्या. त्याच आठवड्यात एकदा म्हणाल्या, मला घरी न्या, सोप्यात टाका, गोठ्यातली म्हस दिसली तरी झोप लागंल मला. गणपतरावांनी ते कानाआड केलं. आधी बरी हो, मग जाऊ, म्हणाले.

"पाणी कोण घालतंय ह्याला?" यल्लाप्पानं विचारलं. "मी सांगून गेलतो की, आठवड्यातनं एक पेला बास म्हणून."

"तीर्थ असतंय," गणपतराव म्हणाले. "मोरीत कसं ओतायचं?"

हे अर्धंच खरं होतं. बघायला येणाऱ्या पै-पाहुण्यांत कुणी नृसिंहवाडीचं तीर्थ आणी, कुणी जोतिबाचं. देवाला नको कोण म्हणणार? तानाबाई ओठ ओले करायच्या आणि उरलेलं झाडाच्या बुडात जायचं. तीर्थाला कुणाचा पाय लागू नये, एवढी रीत घरोघर असते. तीन आठवडे असं चाललं. पण गेल्या गुरुवारी भाताची पेजही त्यांच्या ओठाबाहेर आली, आणि गणपतरावांनी तीसुद्धा कुंडीत ओतली. मग दूध, मग डाळीचं पाणी.

कारण डॉक्टरांनी गणपतरावांना बाहेर बोलावून साफ सांगून ठेवलं होतं. तोंडानं थोडंफार जातंय तोवर औषध चालू ठेवू. ते थांबलं, की इथं ठेवून उपयोग नाही. त्यांना आवडेल तिथं घेऊन जा. गणपतराव काय समजायचं ते समजले होते. तेव्हा वाटी रिकामी करून पुसून ठेवायची आणि सिस्टर आली की "घेतलं की" म्हणायचं, असं त्यांनी चालवलं. उभ्या जन्मात ज्यानं कुणाला फसवलं नाही, तो माणूस हो! तानाबाई सगळं बघत असत. बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

यल्लाप्पानं पान नुसतं धरलं, तर ते बुडातून अलगद निघून हातात आलं. आंबूस वास सुटला. काळ्या चिखलात भाताची पांढरी शितं होती. त्यानं शितांकडं बघितलं, उशाच्या पुसलेल्या वाटीकडं बघितलं आणि अंगठ्यानं माती वर ओढून शितं झाकली.

तेवढ्यात दीक्षा सिस्टर तक्ता घेऊन आत आली. झाडाला काय झालं, असं तिनं विचारलं.

"एसीची हवा मानवली न्हाय बघा," यल्लाप्पा म्हणाला. "दुसरं आणून ठेवतो." कुंडी उचलून तो कुणाकडं न बघता बाहेर पडला.

गणपतरावांचा चेहरा पडला. आपलं खोटं झाकायला एका परक्या माणसाला खोटं बोलावं लागलं, याची त्यांना भारी लाज वाटली.

"आबा, सकाळी पेज किती घेतली त्यांनी?" दीक्षानं पेन उघडलं.

निम्मी वाटी, हे शब्द जिभेवर तयारच होते. पण खिडकी आता रिकामी होती. तिथं बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तानाबाईंनी मान वळवली होती, आणि त्या नवऱ्याकडं बघत होत्या. नजरेत राग नव्हता. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

"न्हाय घेतली," गणपतराव म्हणाले.

"अजिबात नाही? आणि काल रात्री?"

"रात्रीबी न्हाय. गुरुवारपासनं पोटात कायबी न्हाय तिच्या. मी खोटं सांगत होतो, बाई."

दीक्षा रागावली नाही. त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

गणपतराव पलंगाच्या कडेला बसले. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, आणि बायकोपुढं ते पहिल्यांदाच रडत होते. तानाबाईंचा हात चादरीखालून हळूहळू सरकत त्यांच्या मनगटावर आला. ओठ दोनदा हलले, मग आवाज फुटला.

"गाडी कवा हाय?"

गणपतरावांनी पंच्यानं डोळे पुसले.

"दुपारची सांगतो," ते म्हणाले. "उजेड हाय तवर पोचू."