नव्या यादीवरची पाचवी सही

सकाळी गिरणीच्या फाटकावर कामगार समितीच्या निवडणुकीची दुसरी यादी डकवलेली दिसली आणि एर्सिलिया ती वाचायला थांबली. खाली सूचकांच्या सात सह्या होत्या. पाचवी देल्फिना रामेल्लाची. तिच्या आईची!

शंकेला जागाच नव्हती. ती वेडीवाकडी सही एर्सिलियानंच तिला शिकवली होती, युद्ध संपलं त्या हिवाळ्यात, कामगार महासंघाच्या पहिल्या सभासद-कार्डासाठी. तेव्हा महासंघ एकच होता. कम्युनिस्ट, समाजवादी आणि चर्चवाले, तिघांनी मिळून फॅसिस्टांच्या नाकावर टिच्चून उभा केलेला. गेल्या जुलैत रोममध्ये कम्युनिस्ट पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, देशभर संप झाला, आणि ‘हा कामगारांचा नव्हे, पक्षाचा संप’ म्हणत चर्चवाले बाहेर पडले. ही यादी त्यांच्या नव्या संघटनेची. महासंघाच्या जुन्या यादीत पहिलं नाव एर्सिलियाचं होतं.

“अगं, घरातच भगदाड की!” शेजारच्या मागावरची इर्मा म्हणाली. “आम्हांला एकीचे धडे, आणि आई पाद्र्याच्या गोटात?”

त्या दिवशी एर्सिलियाचे धागे तुटतच राहिले. पाळी सुटताच ती तडक आईकडे गेली. देल्फिना चुलीपुढं मक्याच्या पिठाचा पोलेंता घोटत होती.

“पाद्र्यानं सही करायला लावली ना तुला?”

“त्याला मी काल सांगितलं. सही केल्यावर.”

“मग का गं? का?”

“चव्वेचाळीसात भाकरीसाठी माग थांबवलेस, तेव्हा जर्मनांच्या बंदुकांपुढं तुझ्याशेजारी कोण उभं होतं? मीच ना? जुलैत मला कुणी विचारलं? पक्षानं ठरवलं, महासंघानं मान डोलावली. माग मी थांबवायचा आणि हुकूम रोममधल्या पुढाऱ्यांचा?”

“आणि पोपचा हुकूम चालतो वाटतं!”

“तोही सुटला तर नव्या संघटनेतूनही उठेन.”

“मालक टाळ्या पिटतोय, आई. आपले दोन तुकडे झाले, त्याला आणखी काय हवं?”

देल्फिनाचा हात थांबला. “ते खरंय. मलाही झोप नाही लागली.”

“तरी केलीस?”

“केली. पोरी, सही शिकवलीस ती काय, तू बोट ठेवशील तिथंच करायला?”

दिवसभर एर्सिलियानं घोकलेली उत्तरं पाद्र्याला द्यायची होती, आईला नव्हे.

“उद्या फाटकावर मी तुझ्या यादीविरुद्ध बोलणार आहे,” ती कशीबशी पुटपुटली.

देल्फिनानं कानामागं हात धरला. मागांच्या चाळीस वर्षांच्या खडखडाटानं तिचे कान अधू केले होते. एर्सिलियाला तेच वाक्य ओरडून म्हणावं लागलं, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं.

“असंच मोठ्यानं बोल उद्या,” ताटलीत पोलेंता वाढत आई म्हणाली. “मी गर्दीत मागं उभी असेन.”