गुम्मे आला नाही

"हात पुढे कर, त्रुल्स," आमच्या गावचा म्हातारा एस्बेर्न तिसऱ्यांदा म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

माझा भाऊ हलला नाही. हद्दीच्या दगडापलीकडे गुम्मे उभा होता, टोपी काखेत मारून, हात पुढे करून.  त्याच्या मागे पलीकडच्या स्मोलंड मुलखातले वीसेक शेतकरी, आमच्या मागे आमच्या गोइंगे मुलखातले तेवढेच. मधे बिअरचं पिंप, अजून न फोडलेलं. बायकांनी अशा वेळी मागे थांबायचं असतं. मी थांबले नाही. बोएल माझी भावजय होती आणि तिच्या वतीने कोणीतरी तिथे असायला हवं होतं.

आमचा राजा कोपनहेगनला असतो, त्यांचा स्टॉकहोमला. दोघांचं कधी पटलं नाही. पण राजे येतात दहा-वीस वर्षांतून एकदा, तेही जाळपोळ करायला. रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात ती आम्हाला. आमचं मीठ त्यांना लागतं, त्यांचे बैल आम्हाला. म्हणून आजोबांच्याही आधीपासून दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा आपसात तह आहे: राजे लढोत, आपण लढायचं नाही. ज्यांच्या राजाचं सैन्य निघेल त्यांनी पलीकडे आधी निरोप पोचवायचा, म्हणजे बायकापोरं आणि गुरं जंगलात नेता येतात. लढाई संपली की या दगडापाशी हात मिळवून तह नवा करायचा. ज्या घराने सर्वांत जास्त सोसलं त्या घराचा हात पहिला. तो मिळाला नाही तर बाकीच्यांनी आपापले हात खिशात घालून घरी जायचं. तह संपला.

या खेपेला पहिला हात त्रुल्सचा होता.

त्रुल्स डुकरं राखतो. पानगळीत ओकची फळं पडायला लागली की दोन्हीकडची डुकरं आमच्या जंगलात चरायला सोडतात, तीनशेच्या वर. प्रत्येक घराची खूण डुकराच्या कानावर कापलेली असते. त्रुल्स माणसांची नावं विसरेल, कान विसरणार नाही. "लग्नाआधी बोएलचा कान नीट बघून ठेवलास ना रे? नाहीतर दुसरीलाच घेऊन येशील घरी," असं मी त्याला चिडवायची. तो नुसता हसायचा. बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

गुम्मे पलीकडच्या एकेरीड गावचा. त्यांची डुकरं घेऊन तोच यायचा आणि दोन महिने त्रुल्सच्या घरी राहायचा. बोएल त्याला भाऊजी म्हणायची आणि येता-जाता फैलावर घ्यायची. "भाऊजी, तुमच्या राजाने तुम्हाला पाय पुसायला शिकवलं नाही वाटतं?" तो म्हणायचा, "वहिनी, राजाचे स्वतःचे तरी कुठे पुसलेले असतात!" असली ती माणसं.

लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या राजाचे शिपाई आधी आमच्याच गावात येऊन बसले. दोघे त्रुल्सच्या घरात. ते उद्या एकेरीडवर जाणार हे कानावर आल्याबरोबर त्रुल्स त्यांना म्हणाला, "एक डुकरीण चुकलीय, बघून येतो," आणि सरळ दलदलीतून पलीकडे गेला. एकेरीड रिकामं झालं. शिपायांच्या हाती लागल्या नऊ कोंबड्या. परत आल्यावर त्यांनी त्रुल्सला बडव बडव बडवला. तीन दात गेले, पण त्याचं आपलं एकच पालुपद, "डुकरीण सापडली नाही."

मग हिवाळा आला. बोएलच्या छातीत कफ भरला होता, अंगात भट्टीसारखा ताप. भर दुपारी उत्तरेला, स्मोलंडच्या बाजूला, धूर दिसला. मी धावत त्याच्या घरी गेले.

"त्रुल्स, तिला घोंगडीत गुंडाळ. घसरगाडीवर घालू. गाव निघालंय."

"या थंडीत बाहेर काढली तर वाटेतच जाईल ती, ताई."

"अरे, धूर दिसतोय!"

"कोणाचातरी गोठा पेटला असेल." तो शांतच होता. "तसं काही असतं तर गुम्मे आला असता."

मी शिव्या घातल्या, हाताला धरून ओढलं. शेवटी म्हटलं, मर इथेच, आणि माझी पोरं घेऊन जंगलात पळाले. तो शब्द मला अजून झोपू देत नाही. त्रुल्स तिच्यासाठी पाणी आणायला ओढ्यावर गेला, कुऱ्हाडीने बर्फ फोडून बादली भरली, आणि वर येऊन पाहतो तर अंगणात त्यांच्या राजाच्या स्वारांचे घोडे. छपराला आग लावून झाली होती. चौघांनी त्याला धरून ठेवला.

तर आता वसंत आला होता, राजांनी आपसात मिटवून घेतलं होतं, आणि गुम्मे हात पुढे करून उभा होता.

"सांग ना!" मला राहवेना. "का नाही आलास ते तरी सांग. आजारी होतास? वाट बुजली होती?"

खरं सांगते, माझी इच्छा होती की त्याने हो म्हणावं. काहीतरी कारण द्यावं, खोटं का होईना.

"वाट उघडी होती, ताई," गुम्मे म्हणाला. "माझ्या घराच्या पुढच्या दारात दोन स्वार होते. मागच्या दारात कोणी नव्हतं. मी मागच्या दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला. आणि परत येऊन चुलीपाशी बसलो. भीती वाटली."

त्याच्या मागच्या माणसांनी चमकून माना वर केल्या. त्यांनाही तो हे पहिल्यांदाच सांगत होता.

"ऐकलंत?" आमच्यातला कोणीतरी ओरडला. "चुलीपाशी बसला म्हणे! ओतून टाका ती बिअर आणि चला!" माणसं खरंच निघायला लागली. एस्बेर्नने डोळे मिटून घेतले. पुढच्या लढाईत कोणी कोणाला सांगायला जाणार नाही, हे त्याला आमच्या सगळ्यांआधी कळलं होतं.

तेवढ्यात त्रुल्स बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"ताई गेल्यावर बोएल जागी झाली. कसला गलका आहे म्हणाली. मी म्हटलं, धूर दिसतोय. तिने विचारलं, भाऊजी आले होते का? मी म्हटलं, नाही. 'मग झोपते मी,' म्हणाली, आणि कूस बदलून झोपली."

निघालेली माणसं जागीच थांबली. गुम्मे लहान मुलासारखा रडायला लागला, पण हात त्याने खाली घेतला नाही.

त्रुल्सने पुढे होऊन तो धरला.

"हा गावासाठी," तो म्हणाला. "तुमचं सैन्य आलं तर तुम्ही सांगा. आमचं आलं तर मी येईन. पण तुझी वाट मी आता बघणार नाही, गुम्मे."

"नको बघूस," गुम्मे म्हणाला.

मग बाकीच्यांनी भराभर हात मिळवले, पिंप फुटलं, आणि घटकाभरात बैलांच्या किमतीवरून भांडणंही सुरू झाली. त्रुल्सने रिवाजापुरता एक पेला घेतला आणि घरी आला.

पानगळीत एकेरीडची डुकरं आली. गुम्मे आला नाही, त्याचा मेहुणा आला. त्रुल्सने डुकरं राखली, एकही हरवू दिलं नाही. नवं घरही बांधलंय त्याने, एका खोलीचं, आणि मी रविवारी जाऊन झाडलोट करून येते. पहिल्याच रविवारी पाहिलं तर अंथरुणाच्या पायथ्याशी चिखलच चिखल.

"अरे, बूट घालून झोपतोस की काय?"

"हो."

"रोज?"

त्याने मान डोलावली, एकदा उत्तरेकडच्या वाटेकडे पाहिलं आणि डुकरांकडे निघून गेला. मी चादर काढली, ओढ्यावर नेऊन धुतली आणि परत घातली. पुढच्या रविवारी पुन्हा तोच चिखल. आता मी विचारत नाही. धुते आणि घालते.