खड्ड्यातला बाप

आमच्या वडगावच्या विणकर आळीत शालू म्हणजे तोंडाची टकळी. यमनाप्पाची ही अकरा वर्षांची लेक रहाटावर कांड्या भरता भरता इतकं बोलायची, की तिची आई बायाक्का म्हणायची, "सूत संपंल, पण ह्या पोरीची कथा संपायची न्हाय." श्रावणातल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ही कथा संपली. त्या दुपारी यमनाप्पा मागावरनं उठताना त्याचा पाय पायानं दाबायच्या पावडीत अडकला आणि घोट्याजवळ मोडला. गडबडीत पोरीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी ध्यानात आलं, की शालू दुपारपासून एक शब्द बोललेली नाही. हाडवैद्यानं बापाचा पाय कामट्यांत बांधला, पोरीचं तोंड कशात बांधलंय ते कुणालाच कळेना.

पोर भेदरली असेल, चार दिवसांत बोलेल, असं वाटलं. महिना झाला. देवरुष्यानं लिंबू उतरवलं. आयाबायांनी जिभेला वेखंड लावून लावून जीभ सोलवटून काढली. मी शेजारचा आण्णाप्पा, विठोबाच्या देवळात कीर्तनामागं झांज वाजवणारा. भगवंताचं नाव कानावर पडलं की सगळं सुटतं, ही माझी श्रद्धा तेव्हाही होती, आजही आहे. म्हणून मी तिला रोज कीर्तनाला नेऊन अगदी पुढं बसवत होतो. बुवा रंगात येत, माझे डोळे वाहू लागत आणि शालू दोन्ही हातांनी तोंड दाबून बसे. मला वाटे, पोरीचा भाव दाटलाय.

अशात डॉक्टर गुंडोपंत आमच्या आळीत आले. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव, विलायतेत राहून लहान मुलांच्या मनाचे वैद्य होऊन परतलेले. मनाचा वैद्य असतो हेच आम्हाला नवीन. यमनाप्पाची लुगडी विकत घेणाऱ्या सावकारानं शब्द टाकला म्हणून ते दर गुरुवारी सर्व्हिस मोटारीनं येऊ लागले. घरात मात्र कधी शिरले नाहीत. सुताला लावायच्या खळीचा वास त्यांना सोसत नसे. बाहेर कट्ट्यावर खुर्ची टाकायची, नाकाला रुमाल लावायचा आणि पोरीच्या अंतःकरणात शिरायचं, अशी त्यांची रीत. आळीतली भाषा त्यांना कळेना आणि त्यांची आळीला. म्हणून मधे मी.

पहिल्या गुरुवारी त्यांनी छापील बेचाळीस प्रश्न काढले. "स्वप्नात सर्प दिसतो काय? अंधाऱ्या विहिरीत पडल्यासारखं वाटतं काय?" पोर मुळात बोलतच नाही, हे त्यांना मी दोनदा सांगितलं. त्यांनी बेचाळीसही प्रश्न विचारले आणि प्रत्येकापुढं एकच शब्द लिहिला, 'प्रतिकार'.

"म्हंजे काय हो, डाक्टरसाहेब?" बायाक्कानं विचारलं.

"म्हणजे तिच्या सुप्त मनात काहीतरी दडलेलं आहे आणि ती ते बाहेर येऊ देत नाही."

"तेच आम्हीबी म्हंतोय की महिनाभर," बायाक्का मला म्हणाली. "ह्यांनी त्याला इंग्रजी टोपी घातली."

दुसऱ्या गुरुवारी परातभर वाळू आली आणि बाहुल्यांची पेटी आली. जे मूल बोलत नाही ते खेळातून बोलतं, ही म्हणे विलायतेतली अगदी ताजी पद्धत. बाहुल्या मात्र आमच्या गोकाकच्याच होत्या, लाकडाच्या. शालूनं त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मग वाळूत बोटांनी चौकोनी खड्डा केला, फेट्याची बाहुली उचलली आणि कमरेपर्यंत खड्ड्यात बसवली.

डॉक्टर खुर्चीवरून अर्धे उठले. "पाहिलंत? बापाला जिवंत गाडते आहे!"

"न्हाय हो डाक्टर, तो—"

"मधे बोलू नका. उपचारात खंड पडतो."

मी गप्प बसलो. शिकलेल्या माणसासमोर आपण गप्पच बसतो, ही आपली जुनी खोड. मुलीनं परकराचा एक धागा काढला आणि बाहुलीच्या पुढ्यात आडवा ताणला. डॉक्टरांनी लिहिलं, "बंधन". मग तिनं बाहुली खड्ड्यातून ओढून काढली आणि आडवी टाकली. डॉक्टरांनी लिहिलं, "वध".

जाताना त्यांनी निकाल सांगितला. मुलीच्या मनात बापाविषयी घोर द्वेष आहे. आईबापांपासून तोडून तिला सहा महिने वेड्यांच्या इस्पितळात ठेवायला हवं. पुढल्या गुरुवारी ते कागद आणतील, यमनाप्पानं अंगठा द्यावा, की शुक्रवारी पोर रवाना.

तो आठवडा यमनाप्पा खाटेवर पडून आढ्याकडं बघत होता. "माझा राग करती म्हनं," तो मला सांगायचा. "आण्णाप्पा, मी त्या पोरीला एक चापट मारली न्हाय रं कधी." आणि शालू त्याच्या उशाशी बसून त्याला पंख्यानं वारा घालत असायची. असला द्वेष देवानं सगळ्यांच्या घरी द्यावा.

गुरुवारी डॉक्टर कागद घेऊन आले. यमनाप्पाला खाटेसकट कट्ट्यावर आणलं. अंगठ्याला शाई लावायची तेवढी राहिली. पण शास्त्राच्या पूर्ततेसाठी खेळ पुन्हा एकदा व्हायला हवा होता. शालूनं पुन्हा खड्डा केला, बाप बसवला, धागा ताणला. मग परकराची लहान बाहुली घेऊन खड्ड्याशी उभी केली आणि दुसऱ्या धाग्यानं तिचं तोंड गुंडाळू लागली. एक फेरा, दोन फेरे, तीन.

"आईचं दूध तोडल्याचा राग," डॉक्टर लिहीत म्हणाले.

बायाक्का फिस्सकन हसली. "तीन वरसं पीत हुती की ओ ती!"

मला मात्र हसू आलं नाही. त्या गुंडाळलेल्या तोंडाकडं बघता बघता मला एकादशीचं कीर्तन आठवलं. बुवांनी एका मुलीचं आख्यान लावलं होतं, जन्मात खोटं न बोललेल्या. ती नदीला थांब म्हणाली, नदी थांबली. "एकादशीला निर्मळ मुखातून गेलेला शब्द भगवंत खाली पडू देत नाही!" असं बुवा गरजले होते आणि मी झांजेवर असा काही तोडा घेतला होता, की लोक माना डोलवत राहिले. शालू माझ्या गुडघ्याशी बसली होती.

"शालू," मी म्हणालो, "कीर्तनास्नं घरी आल्यावर तू आप्पाला काय बोलल्तीस का गं?"

पोरीनं मान खाली घातली. टपकन एक थेंब वाळूत पडला.

यमनाप्पा कोपरावर उठला. "आगं आई गं! मी म्हनलं, उद्या कीर्तन न्हाय, कांड्या भरायच्यात. तवा ही पुटपुटली, 'मोडू दे मेला त्यो माग.' मी कुटं ध्यानात ठिवतोय?"

डॉक्टरांनी विचारलं, "माग म्हणजे?"

यमनाप्पानं हात पुढं केला. "हिकडं ये. तू म्हनलीस माग मोडू दे. माग तर आत धडधाकट उभा हाय. मोडला माझा पाय. मग तुझं खरं कुटं झालं गं? देवाला काय कमी ऐकू येतंय?"

शालूनं नकारार्थी मान हलवली. बोटानं आत दाखवलं. माग दीड महिना बंद होता. मोडल्यातच जमा.

यमनाप्पा म्हणाला, "बरं, तुझंच खरं. तुझ्या तोंडात लई ताकद हाय. मग वाईटच का बोलून ठिवलंस? चांगलं बोल की! म्हन, आप्पाचा पाय बरा हूं दे."

रहाट थांबले होते आळीतले, इतकी माणसं जमली होती. मग गंजलेली कडी निघावी तसा आवाज आला. "आप्पाचा... पाय... बरा हूं दे."

बायाक्का मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. मी हात जोडले. विठोबाला जोडले, आणि माझी ती झांज आठवून त्याची क्षमाही मागितली. पुढं हे सगळं मी बुवांना सांगितलं तर बुवा खुलले. "पाहिलंस आण्णाप्पा, आमचं कीर्तन किती परिणाम करतं!" मनाचे वैद्य काय आणि आमचे बुवा काय, एकाच पेटीतल्या बाहुल्या.

डॉक्टर मात्र खवळले होते. "ही शुद्ध अंधश्रद्धा! आता तर मुलीला वाटणार की आपल्या शब्दात दैवी शक्ती आहे. रोग बळावला. द्या तो अंगठा."

शालूनं मान वर केली. डॉक्टरांकडं टक लावून पाहिलं आणि तोंड उघडलं.

"थांब!" डॉक्टर दोन पावलं मागं सरले. खुर्ची आडवी झाली. "बोलू नकोस, बाळ! काही बोलू नकोस!"

तीन गुरुवार 'बोल, बोल' म्हणून पोरीच्या मागं लागलेले हे डॉक्टर. कट्टा नुसता हसून हसून लोळला. हशा ओसरल्यावर शालू हळूच म्हणाली, "तुमची मोटार चुकंल, म्हनत हुते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि छत्री घेऊन धावत सुटले. वळणापलीकडून कंडक्टरची माणसं बोलावणारी कानडी आरोळी ऐकू येत होती, "निप्पाणी, निप्पाणी! बर्री, बर्री!" ते वळणाशी पोचले तोवर मोटारीचा धुरळा खाली बसतही आला होता.

शालूनं ते पाहिलं आणि तिचा हात पुन्हा तोंडाशी गेला. पुन्हा उसळू पाहणारा हशा जागच्या जागी मेला. कागद खाटेवर तसाच पडला होता.

शालू धुरळ्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं हात सावकाश खाली घेतला.

"आप्पा, ही मी न्हाय चुकवली," ती म्हणाली. "त्येच बोलत बसले. मोटार कुनासाठी थांबती व्हय?"

यमनाप्पानं कागदाची सुरळी केली आणि बायाक्काच्या हातात दिली. चूल त्या सुरळीनंच पेटली.

पुढली मोटार संध्याकाळी. तोवर ऊन मी म्हणत होतं. त्यामुळं डॉक्टर गुंडोपंत पहिल्यांदा, नाकाला रुमाल लावून का होईना, यमनाप्पाच्या घरात आले. दारातच ठेचकाळले. समोर माग होता. मागाखाली विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा चौकोनी खड्डा, कमरेइतका. पुढ्यात ताणलेलं सूत. डॉक्टर त्या खड्ड्याकडं, मग खिशातल्या आपल्या वहीकडं बघत राहिले.

"हा... खड्डा कसला?"

शालूनं रहाटापाशी बैठक मारली. "बसा," ती म्हणाली. "सांगते."

त्या कथेपायी संध्याकाळची मोटारही चुकली असती.