दगड, पत्थर, कल्लु

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसू नका, तुमच्या वर्गात ज्याला दगड म्हणतात, त्याच्यापेक्षा मला जास्त भाषा कळतात.

कोयनानगरच्या घाटात रस्ता रुंद करताना सुरुंग लागला आणि मी कड्यापासून सुटलो. एक बाजू सपाट, एक उतरती. चाकाखाली लावायला असाच दगड लागतो. चढावर गाडी अडली की माणसाला आधी देव आठवतो, मग मी. सांगलीवाला ओरडतो, "धोंडा लाव!" राजस्थानी ओरडतो, "पत्थर!" विजापूरचा "कल्लु!", तर तमिळ माणूस नुसता "कल्‌!" म्हणून मोकळा. तेलुगू ड्रायव्हर "रायी" म्हणाला तेव्हा मला रागच आला; मी काय मोहरी आहे? कानाला 'दगड' आपटतो, 'पत्थर' फुटतो, 'कल्लु' ओढ्यातून घरंगळत येतो. पण गाडी मागे सरकू लागली की सगळ्यांचा सूर एकच होतो.

आज संध्याकाळी तो सूर आला. जोतीरामचा खताने भरलेला ट्रक चढावर बंद पडला आणि मागे घसरू लागला. मागे वडापची, म्हणजे भाड्याने माणसे नेणारी जीप, खच्चून भरलेली. समोरून उतरणाऱ्या ट्रकमधला कानडी ड्रायव्हर "कल्लु! कल्लु!" करत धावला आणि त्यानेच मला चाकाखाली दडपले. माझा एक टवका उडाला, पण मी धरून राहिलो. ट्रक जीपच्या हातभर अलीकडे थांबला.

जोतीरामने मला हात जोडले. "लय उपकार झालं रं गड्या!" आमचे कौतुक इंजिन चालू होईपर्यंतच टिकते, हे मला ठाऊक आहे.

इंजिन चालू झाले. कानडी ड्रायव्हर त्याच्या मागच्या गाड्यांच्या हॉर्नमुळे आपला ट्रक घेऊन केव्हाच खाली गेला होता. जीपमधून लीलाबाई ओरडल्या, "आवं ड्रायव्हर, त्यो धोंडा तरी उचला! माझी लेक क्रांती मागनं मोटारसायकलवर येतीया. दिवस गेल्यात तिला!"

"मागचा उचलंल की, मावशी!" जोतीराम निघालासुद्धा.

"थांब रं, मी उतरते," त्या जीपवाल्याला म्हणाल्या.

"घाटात गाडी थांबवत न्हाई मावशी. मागचा उचलंल." त्याने मला टाळून जीप काढली.

आता धुके उतरले आहे. काळ्या डांबरावर काळा मी, वळणाच्या मधोमध. आणि मागून एकच गाडी येते आहे. तिचा आवाज ऐकू येतो. बाई काहीतरी बोलते आहे, तिचा नवरा हसतो आहे. माझे नाव मला इतक्या भाषांत ओळखता येते, पण "थांबा" असे एकाही भाषेत ओरडता येत नाही. हातभर सरकता आले असते तरी पुरे होते.

मित्रांनो, तुम्हाला हात आहेत. चाकाखाली लावून तसाच सोडलेला दगड रस्त्यावर दिसला, तर वडिलांना गाडी कडेला घ्यायला लावा, मागेपुढे बघा आणि त्याला कडेला टाका. उशीर झाला तर होऊ द्या.

दिव्याचा उजेड वळण घेतो आहे. क्रांती, हळू गं बाई. कुणीतरी उचला मला.