लाल गाडीची खोड

"हाऊ बैल बठ्ठा सोनाना शे भाऊ, पन एक खोड शे. पानी देखं का थबकस. नदीमा गाडी टाकशी तर आधी खाले उतर, त्याना कानजोडे उभा ऱ्हाय, मंग हाक. सांगी दिधं मी. आते धर दोर."

वनाच्या बापाचा हा आवाज. उखर्डूबाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण साक्रीच्या बाजारातला तो आवाज अजून वनाच्या कानात तसाच होता, धुळीने जरा घोगरा झालेला. सौदा ठरलेला असायचा. रुमालाखाली बोटांना बोटं लागून भाव झालेला असायचा. घेणारा दोरासाठी हात पुढे करायचा आणि तेव्हाच बाबा चार माणसांत मोठ्याने बैलाची खोड सांगायचा. कधी घेणारा हसून दोर धरायचा, कधी हात मागे घ्यायचा. हात मागे घेतला की बैल परत गावाकडे, आणि बाजारात भेळभत्ता मिळणार म्हणून आलेला लहानगा वना त्याच्या शेपटीमागे रडत चालायचा. बाबा रागावत नसे. बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालत राही.

आज वनाच्या अंगणात बैल नव्हता. पत्र्याच्या शेडखाली लाल गाडी उभी होती, बुटकी, रुंद चाकांची, मागे दोन तोंडांचा सायलेन्सर असलेली. चावी वनाच्या मुठीत होती. चावीला पितळी घुंगरू बांधलेलं होतं. बाबाच्या शेवटच्या बैलाच्या गळ्यातलं ते घुंगरू नवलने हट्टाने मागून घेतलं होतं. "आजाना बैलनं घुंगरू, नातूना घोडाले," म्हणाला होता.

नवल, वनाचा एकुलता मुलगा. कोंडाईबारीच्या घाटाअलीकडे उभ्या ट्रॉलीवर ही गाडी आदळली तेव्हा तो एकटाच होता गाडीत.

विम्याचा माणूस पाहणीला आला आणि "टोटल लॉस" म्हणाला. म्हणजे काय, ते वनाच्या बायकोने, तानुबाईने विचारलं. कंपनी भरपाई देईल आणि गाडी भंगारात उचलून नेईल, असं कळल्यावर ती चुलीजवळून उठून आली आणि गाडीच्या मोडक्या तोंडापुढे आडवी उभी राहिली. "मन्हा लेकनी गाडी भंगारमा जावाले नको. मन्हा लेकले कोनी नीट करं नही, गाडी तरी नीट करा."

मग भरपाई नको, कागद नको. वनाने गाडी धुळ्याला एका गॅरेजात ओढून नेली. पुट्टीसारखी लांबी भरून गुळगुळीत करायचं नाही, जिथे जिथे पत्रा गेला तिथे नवा पत्राच घाला, असं बजावलं. काम चांगलं झालं. इतकं चांगलं, की परत आणली तेव्हा तानुबाईने दोन्ही हातांनी गाडीचं तोंड चाचपलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्या ओठांवर काही उमटलं, घरात भाकरी थापताना ती पूर्वी गुणगुणायची त्यातलंच.

*चुल्हावर भाकर फुगनी, धाक फुगना उरमा,*
*वाटवर धुरळा उडना, लेक दिसेना धुरमा.*

गाडी द्यायच्या वेळी मिस्तरीने वनाला गॅरेजच्या मागे बोलावलं होतं. पान थुंकून म्हणाला होता, "आबा, वरून नवी नवरी केली मी. पण इंजिनाला धरणारा पुढचा डावा दांडा तुटला होता, तो जोडलाय. जोड तो जोडच. जोरात ब्रेक लागला की ती डावीकडे ओढणार. अंगणात उभी करा, गावात फिरवा. हायवेला नका नेऊ." वनाने मान हलवली आणि घरी येऊन काहीच सांगितलं नाही. तानुबाई तेव्हा गाडीला कुंकू लावत होती.

विकायचं तिनेच काढलं. रोज पुसायची ती गाडीला. एके दिवशी चाकं बसलेली दिसली, सीटखाली कोंबडीने अंडी घातलेली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "उभी ऱ्हाईसन सडी ऱ्हायनी. पळाले बनेल शे ती. कोनी पोऱ्या लई जावो, पळावो. कोठे तरी पळी ऱ्हायनी इतलं माले पुरे." पुतणी पुनमने मोबाइलवर जाहिरात टाकली, आणि आज नशिराबादहून गिऱ्हाईक आलं होतं.

तिघं होते. घेणारा हितेंद्र, नवलच्याच वयाचा, तसाच दाढी कोरलेला. त्याची बहीण भूमिका, जळगावच्या कॉलेजात जाणारी. आणि त्यांचा मामा चुडामण, केळीचा बागाईतदार, खांद्यावर टॉवेल, खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक.

"मामा, ते चुंबक कशाला?" भूमिकेने विचारलं.

"जिथे लांबी भरलेली असते तिथे हे चिकटत नाही. म्हैस घेताना तुझी आई दूध काढून बघते का नाही? तसं."

"आणि चिकटलं, तर गाडी दूध देते?"

"तू गप बस. तुला घेताना तुझा नवरा काय काय बघेल, ते बघू."

तानुबाई हसली. पदर तोंडाला लावून खरोखर हसली. वनाने ते पाहिलं आणि मूठ आणखी घट्ट केली.

चुडामणने चुंबक दारावर फिरवलं, चाकांवरच्या पत्र्यावर फिरवलं, बोनेटवर फिरवलं. चिकटलं सगळीकडे. हितेंद्रने बोनेट उघडून आत टॉर्च मारला, ऑइलचं झाकण काढून त्याला आतून बोट लावलं, मळी नाही. गालिचा उचलून चिखल शोधला, पुराचं पाणी शिरलेल्या गाडीत तो राहतो म्हणे. गाडी थंड असतानाच चालू केली, सायलेन्सरमागे हाताचा पंजा धरला, धुराचा वास घेतला. काळा नाही, निळा नाही. मोबाइलवर नंबर टाकून विम्याचा इतिहास काढला. एकही क्लेम नाही.

"मामा, कोरी आहे गाडी. एवढी जोराची गाडी आणि क्लेम नाही. कोणीतरी जिवापाड वापरलीये."

"वापरेलच ना," तानुबाई म्हणाली. "पोटना पोऱ्यासारखी."

मग हितेंद्र वाकून काचांच्या कोपऱ्यातलं बारीक लिखाण वाचू लागला. काचेवर ती कुठल्या साली बनली ते छापलेलं असतं, हे वनाला माहीत नव्हतं.

"आबा, बाकी सगळ्या काचा एका सालच्या आहेत. ही डावीकडची आणि पुढची मोठी, या दोन नव्या कशा?"

अंगणात कोंबड्या चरत होत्या. वनाने त्यांच्याकडे पाहिलं.

"फुटी गई व्हतीस," तो म्हणाला. आणि मग, कोणी विचारलं नसताना, "दगड उडना व्हता."

खोटं जिभेवरून इतक्या सहज उतरलं, की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. तानुबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हा आपल्यासाठीच लपवतो आहे, पोराचं मरण परक्यांत नको म्हणून. तिने हळूच त्याच्या बाहीला हात लावला. तो हात त्याला विस्तवासारखा भाजला.

"मुलगा कुठे असतो तुमचा?" चुडामणने सहज विचारलं. "गाडी त्याचीच ना?"

"लांब शे," तानुबाई म्हणाली. "आते लांब शे तो."

"पुण्याला गेले की गाव विसरतात पोरं," चुडामण म्हणाला आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. बोटं टायरच्या आतल्या कडेवरून फिरवली. "इकडची कड खाल्लेली दिसते, हितू. डाव्या चाकाची."

"अलाइनमेंट करून घेऊ, मामा. त्यात काय. जळगावला तासाभराचं काम."

गावातून चक्कर मारायला निघाले. वना मागे बसला. रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि गतिरोधक, त्यात सकाळची शाळा सुटलेली. गाडी दुसऱ्या गियरच्या वर गेलीच नाही. हितेंद्र स्टिअरिंग सोडून बघत होता, सरळ चालते का. चालत होती. खड्ड्यात कुठे खडखड नाही. मागून वनाला पोराची मान दिसत होती, नुकतेच केस कापलेले, मानेवर पांढरी रेघ. नवलची मानही तशीच दिसायची. नवल मागे वळून म्हणायचा, "बाबा, घाबरू नको, पट्टा लाव." आणि स्वतः लावायचा नाही.

"बोलत नाही तुम्ही काही, आबा," हितेंद्र आरशातून म्हणाला. "गाडी जाते म्हणून वाईट वाटतंय का?"

"हा," वना म्हणाला.

परत आले. चुडामणने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डोळे मिचकावले. "भाऊ, तुम्ही बैलबाजारातले ना? मोबाइलवर काय भाव करायचा. आणा हात."

भूमिका टाळ्या पिटू लागली, तिने हे कधी पाहिलेलं नव्हतं. टॉवेलखाली चुडामणचा हात वनाच्या हाताला भेटला. बोटं दाबली गेली, सोडली गेली, पुन्हा दाबली गेली. वनाला भावाचं काही सुचत नव्हतं. दाबेल त्या बोटाला तो हो म्हणत होता.

"ठरलं की!" चुडामण म्हणाला. मग टॉवेल तसाच ठेवून हळूच, "भाऊ, हात इतका गार का तुमचा? बरं वाटत नाही का?"

"उन्हामुळे," वना म्हणाला.

तानुबाई ताट घेऊन बाहेर आली. हळद, कुंकू, दिवा, भाकरीचा तुकडा आणि वर गुळाचा खडा. घरातून जनावर बाहेर जाताना द्यायचा तो घास तिने बोनेटवर ठेवला. ओल्या हळदीने त्यावर स्वस्तिक काढलं, नेमकं डाव्या बाजूला. त्याखालीच तो जोड होता. मग तिने हितेंद्रला ओवाळलं. तिचं तोंड उजळलं होतं.

"पोरा, हळू नको चालवू तिले," ती म्हणाली. "तिले पळाले आवडस. मन्हा लेक म्हनायचा, माय, हाई उडस."

"उडवतच नेतो, अक्का," हितेंद्र हसला. "साक्रीपासून नशिराबादपर्यंत एकच हायवे. चार पदरी रस्ता. दिवस बुडायच्या आत घर."

"आणि मी पुढे बसणार," भूमिका म्हणाली. "मामा, तुम्ही तुमच्या गाडीत या मागून, धूळ खात."

ती डावीकडचं दार उघडून बसलीसुद्धा. आरसा आपल्याकडे वळवून केस नीट केले. पट्टा ओढला, तो जरा अडकला, तिने पुन्हा ओढला. हितेंद्र वनापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. उताणा, रिकामा तळवा.

"आबा, चावी."

वनाने मूठ उघडली. चावी इतका वेळ दाबून धरल्याने तळव्यात रुतली होती. घुंगरू वाजलं, बारीक, एकदाच. आणि साक्रीचा बाजार उठून अंगणात आला, ती धूळ, ती शेणाची ऊब, बाबाचा घोगरा आवाज. सौदा ठरल्यावर, दोर देण्याआधी.

चावी त्या पोराच्या तळव्याला टेकली होती. वनाने ती सोडली नाही.

"आबा?"

"थांब, पोरा. तू उतर वं माय," वना काचेतून भूमिकेला म्हणाला. आवाज त्याचा राहिला नव्हता. "उतर खाले आधी."

"काय झालं?" चुडामण पुढे आला. "भाव कमी वाटला का, भाऊ?"

"भावनं काही नही. खोड सांगानी ऱ्हाई गई."

तानुबाई ताट धरून उभी होती. दिव्याची वात वाऱ्याने आडवी झाली. वनाला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो पोराच्या डोळ्यांत बघत बोलू लागला.

"दगड उडना नव्हता. मन्हा लेक लांब गया नही. हाई गाडीमा गया तो, घाटना अलीकडे, तुन्हाच वयना व्हता. पुढला डावा दांडा तुटेल शे, जोडेल शे. तुन्हा मामाना चुंबकले दिसाव नही तो, इतला नीट जोडेल शे. जोरमा ब्रेक मारा का डावीकडे व्हडस. गावमा कळत नही. हायवेले कळस."

हितेंद्रचा हात आपोआप मागे गेला. भूमिका दार उघडून उतरली, एक पाऊल, मग दुसरं, आणि मामाच्या जवळ जाऊन उभी राहिली. कोणी रागावलं नाही. चुडामणने टॉवेल घडी करून छातीशी धरला.

वना बायकोकडे वळला. ताटातला गूळ घसरून खाली पडला होता आणि ती त्या ओल्या हळदीच्या स्वस्तिकाकडे बघत होती.

"मिस्तरीनी माले तवाच सांगेल व्हतं," वना म्हणाला. "तू तिना तोंडवरथून हात फिराई ऱ्हायंती, म्हनीसन मी बोलनू नही. नवलनी माय, ती बरी व्हयेलच नही. आपन फक्त वरथून रंग दिधा."