वीतभर जांभळा

मी एक दोरा बोलतोय. वीतभर लांब, जांभळा, नायलॉनचा. कितीही ओढा, तुटणार नाही. या गुणाचा मला एकेकाळी भारी गर्व होता.

माझा जन्म कारखान्यातला, पण खरं आयुष्य सुरू झालं शिंपीमास्तरांच्या मशीनवर. एका बँडवाल्याचा कोट शिवताना त्यांनी डावी बाही उजवीकडे जोडली. मास्तरांचं हे नेहमीचंच. ते झोकात शिवायचे आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, चष्मा नाकावर ओढून पुटपुटत उसवायच्या. त्या उसवणीत मी सुटलो.

खरं तर मी कचऱ्यात जायचो, पण मास्तर पडले दानशूर! रोज सकाळी दोऱ्यांचे तुकडे ते खिडकीबाहेर टाकत, चिमण्यांना घरट्यासाठी. दुकानाच्या पाटीमागचं घरटं दाखवून गिऱ्हाइकांना सांगत की, या घराचा सगळा माल आपल्याकडचा. नायलॉन कुजत नाही, तुटत नाही, असं काकूंनी एकदा बजावलं. तर म्हणाले, मग घर मजबूतच होईल की.

चिमणीने मला चोचीत धरून नेलं तेव्हा मी फुशारून गेलो. पुढे घरट्यात तीन पिल्लं झाली. त्यातल्या धाकट्याच्या पायाला माझे वेढे कधी बसले, मला कळलंच नाही. पिल्लू वाढत गेलं. मी काही वाढलो नाही.

उडायचा दिवस आला. थोरलं उडालं, मधलं उडालं. धाकट्याने झेप घेतली आणि ते पाटीखाली उलटं लटकलं, माझ्याच टोकाला. चिमणीने आकांत मांडला. मापासाठी हात वर केलेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून मास्तर धावले, स्टुलावर चढले. पिल्लू हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला ओळखलं होतं.

पाय आणि माझ्यामध्ये कात्री शिरेना. मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि पिल्लू काकूंपुढे धरलं.

"अगं, मला नाही जमायचं हे."

काकूंनी पिल्लू टॉवेलात घेतलं आणि बारीक सुईने एकेक वेढा सैल करायला घेतला. मी तुटावं, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं.

"जन्मभर तुमचं चुकलेलं उसवतेय," काकू म्हणाल्या, "पण बाहीला दुखत नव्हतं हो."

शेवटचा वेढा सुटला. पायावर खोल वळ राहिला. दोन दिवस खिडकीतल्या खोक्यात आईच्या हातचं, म्हणजे चोचीचं, खाऊन पिल्लू लंगडत कठड्यावर आलं आणि उडालं. मास्तर डोळे पुसत म्हणाले की खडूची धूळ गेली.

हल्ली मी सगळ्या तुकड्यांसोबत काचेच्या बरणीत असतो. चिमणी पुन्हा घरटं बांधतेय. मधूनच खिडकीत येते, बरणीवर चोच मारते, मलाच मागते. नको गं बाई, असं मी जीव तोडून ओरडतो, पण तिला ऐकू जात नाही. तुम्हाला जातंय ना? मग जाता जाता झाकण घट्ट आहे का, तेवढं बघा.